तक्त्यावर ६/६, तरी नीट दिसत नाही: दृष्टिनसेची सूज आणि मेंदूचं काम

प्रश्न थोडक्यात असा. बहीण ३१ वर्षांची, हिंजवडीत नोकरी. तीन महिन्यांपूर्वी उजवा डोळा हलवला की दुखायला लागला आणि दोन-तीन दिवसांत त्या डोळ्यासमोर धुकं आलं. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे दृष्टिनसेला सूज, असं निदान झालं. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. आता उजवा डोळा तक्त्यावर ६/६ वाचतो, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. तरी तिची तक्रार आहे की रंग फिके वाटतात, कर्वे रस्ता ओलांडताना आडवी जाणारी गाडी नेमकी किती लांब आहे ते कळत नाही, बॅडमिंटनमध्ये शटल चुकतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. भावाला विचारायचंय की या सुजेचा मेंदूच्या कामावर परिणाम होतो का, आणि ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लयीचा आलेख, काढून घ्यावा का.

सरळ उत्तर आधी देतो. परिणाम होतो. ईईजी काढू नका. आणि मनाचे खेळ हे शब्द घरात पुन्हा नकोत.

दृष्टिनस डोळ्यातून निघते म्हणून आपण ती डोळ्याची समजतो, पण रचनेनं ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूभोवती जी तीन आवरणं असतात तीच तिच्याभोवती असतात. तिच्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण मेंदूतल्याच पेशी बनवतात, हातापायांच्या नसांतल्या पेशी नव्हेत. म्हणून मेंदूतल्या मायलिनवर उठणारा आजार इथेही उठतो, आणि हातापायांच्या नसांचे तुटलेले तंतू जसे पुन्हा वाढू शकतात तसे इथले वाढत नाहीत. तेव्हा नसेला सूज आली पण मेंदू सुरक्षित आहे, अशी रेघ मारता येत नाही. एमआरआय नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की मेंदूच्या इतर भागांत डाग नाहीत. ती चांगली बातमी आहेच, तिच्याकडे नंतर येतो.

एका दृष्टिनसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. मेंदूच्या तळाशी त्यातले निम्म्याहून थोडे जास्त दुसऱ्या बाजूला जातात, मग बहुतेक सगळे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधल्या एका छोट्या केंद्रात पोचतात. या केंद्राला सहा थर असतात आणि तिथेही उजव्या डोळ्याचे थर वेगळे, डाव्याचे वेगळे. दोन्ही डोळ्यांचा संदेश खऱ्या अर्थानं एकत्र येतो तो डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांना १९८१ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः इथल्या कामासाठी. सांगायचा मुद्दा असा की अंतर, खोली, वेग हे काही डोळा ठरवत नाही. दोन डोळ्यांकडून आलेली माहिती जुळवून मेंदू ते ठरवतो. एका बाजूची माहिती उशिरा आली तर चूक मेंदूच्या हिशोबात दिसते, डोळ्यात नाही. डोळा तपासणाऱ्याला सगळं ठीक का वाटतं, ते यावरून लक्षात येईल.

सूज असताना तंतूंमधून संदेश जाणंच बंद पडतं, म्हणून अंधारी येते. सूज उतरली की मायलिन गेलेले तंतू एक तोडगा काढतात. सोडियमच्या ज्या वाहिन्या एरवी ठरावीक फटींमध्येच असतात त्या उघड्या पडलेल्या भागावर पसरतात आणि संदेश पुन्हा चालू होतो. पण हळू. काही तंतू मरतात, आणि तीन ते सहा महिन्यांत ओसीटीच्या (डोळ्यातल्या थरांची जाडी प्रकाशानं मोजणाऱ्या) तपासणीत दृष्टिपटलावरचा तंतूंचा थर पातळ झालेला दिसतो. उरलेल्यांत काही वेगानं पोचवतात, काही रेंगाळत. गणपतीत ढोल-ताशा पथकातले साठ ढोल ठेक्यावर पडले आणि चाळीस किंचित मागे राहिले तर आवाज कमी होत नाही, पण ठेका फुटतो. तिच्या उजव्या नसेत हेच चाललंय.

आता दवाखान्यातला तो तक्ता बघा. पांढऱ्यावर काळी कुळकुळीत अक्षरं, जागची न हलणारी, आणि वाचायला हवा तेवढा वेळ. दृष्टीची याहून सोपी परीक्षा नाही. थोडे तंतू शाबूत असले तरी माणूस ६/६ वाचतो. अक्षरांचा आकार तोच ठेवून त्यांची शाई फिकी करत नेणारा पेली-रॉबसन नावाचा तक्ता असतो. तो तिच्यासमोर धरला की उजव्या आणि डाव्या डोळ्यातला फरक बहुतेक वेळा लगेच समोर येतो. घरी करण्यासारखं म्हणजे बाटलीचं एखादं लाल टोपण एका डोळ्यानं बघायचं, मग दुसऱ्यानं. सूज येऊन गेलेल्या डोळ्याला तेच लाल विटकरी किंवा धुतल्यासारखं दिसतं. डॉक्टरांना हे करून दाखवायला सांगा, आणि घरच्यांना शेजारी उभं करा.

मेंदूपर्यंत संदेश किती उशिरा पोचतो हे मोजता येतं. त्या तपासणीला व्हीईपी म्हणतात. डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड लावतात आणि समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे होत राहतात. प्रत्येक बदलानंतर मागच्या कॉर्टेक्समध्ये एक लहानशी विद्युत लाट उठते. अशा पुष्कळ लाटांची सरासरी काढली की निरोगी माणसात साधारण १०० मिलिसेकंदांवर एक ठळक शिखर दिसतं. लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडोनल्ड आणि मुशिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की दृष्टिनसेला सूज येऊन गेलेल्यांत हे शिखर उशिरा येतं, आणि नजर पूर्ववत झाल्यावरही उशिराच येत राहतं. पन्नास वर्षं उलटून गेली, ही गोष्ट कोणी खोडून काढलेली नाही. तुमच्या बहिणीची व्हीईपी झालेली नसेल तर करून घ्या. त्यात उजव्या डोळ्याचं शिखर १२५ किंवा १३५ वर आलं, तर घरातला वाद मिटेल.

ईईजी मात्र वेगळी गोष्ट आहे. व्हीईपी ही ईईजीच्याच जातीची, पण तिच्यात एका ठरावीक उत्तेजनाचं उत्तर बारकाईनं शोधलेलं असतं. साधा ईईजी मेंदूची एकंदर लय दाखवतो. फिट येत असेल, शुद्ध हरपत असेल, तर तो उपयोगाचा. या आजारात तो बहुधा नॉर्मलच येईल, आणि मग हातात आणखी एक नॉर्मलचा कागद घेऊन लोक त्या मुलीला म्हणतील, बघ, काही नाही.

तिची रस्ता ओलांडण्याची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १९२२ मध्ये एक गमतीदार भ्रम समजावून सांगितला. डावी-उजवीकडे एका सरळ रेषेत झुलणारा लंबक एका डोळ्यावर गडद काच धरून पाहिला तर तो लंबगोलात फिरतोय असं वाटतं. गडद काचेमागच्या डोळ्याचा संदेश किंचित उशिरा पोचतो, तोवर लंबक पुढे सरकलेला असतो. मेंदूकडे एकाच क्षणी एका डोळ्याची ताजी आणि दुसऱ्याची शिळी जागा येते आणि तो त्या फरकाला अंतर समजतो. स्वतः पुल्फ्रिखला एका डोळ्यानं दिसत नसे, त्यामुळे त्याला हा भ्रम कधी अनुभवता आला नाही.

दृष्टिनसेची सूज येऊन गेलेल्या माणसाला गडद काच लागत नाही, त्याची नसच ते काम करते. आता हे आपल्या रस्त्यावर लावून बघा. आपण डाव्या बाजूनं गाड्या चालवतो. फुटपाथवर रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की पहिल्या लेनमधली वाहनं उजवीकडून येऊन डावीकडे जातात. तिचा उजवा डोळा मागे पडतोय. हिशोब मांडला तर उजवीकडून डावीकडे आडवी जाणारी वस्तू तिला आहे त्यापेक्षा लांब भासायला हवी, आणि डावीकडून उजवीकडे जाणारी जवळ. म्हणजे जी गाडी सर्वात आधी अंगावर येऊ शकते, नेमकी तीच तिला लांब वाटण्याची शक्यता जास्त. सूज डाव्या नसेला असती तर चूक उलट्या दिशेनं झाली असती, आणि ती निदान जास्त सावध राहिली असती! शटल चुकण्याचं कारणही हेच. शटल कुठल्या बाजूनं येतं त्यावर ती लवकर मारते की उशिरा, हे एकदा लक्ष देऊन पाहायला सांगा.

घरी पडताळा घ्यायचा तर दोऱ्याला किल्ली बांधून पांढऱ्या भिंतीसमोर डावी-उजवीकडे झुलवा, आणि तिला दोन्ही डोळे उघडे ठेवून चार-पाच फुटांवरून बघू द्या. किल्ली गोल फिरतेय असं ती म्हणाली तर तिची तक्रार तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाली. यावर उपायही तितकाच साधा आहे: चांगल्या डोळ्यासमोर हलकी गडद काच. त्या डोळ्याचा संदेशही थोडा मागे पडतो आणि दोन्ही जुळतात. काच किती गडद हवी हे वेगवेगळ्या काचा लावून बघूनच ठरतं, त्यामुळे नुसता चष्म्याचा नंबर काढणाऱ्याकडे न जाता दृष्टिनसेचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. रात्री गाडी चालवताना मात्र तो चष्मा नको.

मेंदू हे सगळं हात बांधून सोसत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये एखादं काम करताना मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्तप्रवाह वाढतो ते दिसतं. सूज आलेल्या डोळ्याला प्रकाश दाखवला तर मागच्या दृष्टिकेंद्रातली हालचाल कमी दिसते, हे अपेक्षितच. लंडनच्या एका गटाला २००० मध्ये वेगळंच काही दिसलं. नजर सुधारलेल्या रुग्णांत त्या डोळ्याला प्रकाश दाखवल्यावर दृष्टिकेंद्राबाहेरचे भागही जागे होत होते: इन्सुला, टेम्पोरल आणि पराएटल भागातल्या जागा, थॅलॅमस. निरोगी लोकांत असं होत नव्हतं. आणि ही जास्तीची हालचाल व्हीईपीतल्या उशिराशी जोडलेली होती. पुढच्या अभ्यासांत असंही आढळलं की वस्तू ओळखणारा, कानशिलाकडच्या बाजूचा दृष्टिभाग सुरुवातीच्या दिवसांत ज्यांच्यात जास्त काम करत होता, त्यांची नजर वर्षभरानं जास्त चांगली सावरली, आणि नसेचं नुकसान हिशोबात धरूनही हा फरक उरला.

म्हणजे तिचं आजचं ६/६ हे निम्मं नसेचं आणि निम्मं मेंदूचं आहे, असं मी रुग्णांना सांगतो. निम्मं हा आकडा मोजलेला नाही, बोलायची सोय आहे. पण दुबळा, फाटलेला संदेश वाचायला मेंदूचे जास्त भाग कामाला लागतात, ही गोष्ट खरी.

कोणी म्हणालं की फंक्शनल एमआरआय करून मेंदूची क्षमता बघू, तर नम्रपणे नाही म्हणा. हे निष्कर्ष माणसांच्या गटांची सरासरी काढून आलेले आहेत. एकट्या व्यक्तीचं निदान किंवा भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

एक मजेशीर गोष्ट इथेच सांगतो. जेरुसलेमच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की काही महिन्यांनी निरोगी डोळ्याची व्हीईपीही थोडी मागे सरकते. त्या डोळ्याला सूज आलेली नसते. त्यांनी लावलेला अर्थ असा की दोन्ही डोळ्यांची वेळ जुळावी म्हणून मेंदू चांगल्याला मुद्दाम थोडं थांबवतो. मला हा अर्थ पटतो. आपण चांगल्या डोळ्यापुढे गडद काच लावून जे करतो तेच मेंदू स्वतः करू बघतो, फक्त त्याला महिने लागतात. पुष्कळांची रस्त्याची आणि खेळाची अडचण पहिल्या वर्षात काही न करता कमी होते, त्याचं एक कारण हे असावं. म्हणूनच दुखऱ्या डोळ्यावर दिवसभर पट्टी बांधू नये असं माझं मत आहे. वाचताना फार त्रास झाला तर थोडा वेळ तो डोळा झाकला तरी चालेल. पण दोन डोळ्यांची सांगड घालायची सवय मेंदूला दोन्ही उघडे असतानाच होणार.

थकव्याचं काय? निरोगी माणसाला एका डोळ्यापेक्षा दोन्हींनी थोडं जास्त चांगलं दिसतं. दृष्टिनसेच्या सुजेनंतर हा फायदा कमी होतो, काहींत तर उलटा होतो, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवल्यावर एकट्या चांगल्या डोळ्यापेक्षा वाईट दिसतं. आठ-नऊ तास स्क्रीनवर करड्या पार्श्वभूमीवरची करडी अक्षरं वाचायची आणि मेंदूनं ही ओढाताण सांभाळायची, तर संध्याकाळी डोकं जड होणारच. स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट वाढवा, अक्षर मोठं करा, पांढऱ्यावर काळं ठेवा. डार्क मोडचं कौतुक मी ऐकतो, पण करड्यावर करडं असलेला डार्क मोड या रुग्णांसाठी वाईट.

दोन अनुभव तिनं सांगितले नसतील, कारण लोक ते सांगायला लाजतात. अंधाऱ्या खोलीत डोळा फिरवला की क्षणभर प्रकाश चमकतो. काहींना तर अचानक मोठा आवाज झाला, दार आपटलं किंवा कुकरची शिट्टी झाली, तरी चमक दिसते. उघड्या पडलेल्या तंतूंना नुसत्या हालचालीनं किंवा ताणानं चेतना मिळते आणि दृष्टीचं केंद्र तिला प्रकाश समजतं. आवाजाच्या चमकेत ऐकण्याच्या आणि बघण्याच्या रस्त्यांची मेंदूत कुठेतरी गाठ पडत असावी. वेड लागण्याशी याचा काही संबंध नाही.

दुसरा अनुभव उकाड्याचा. गरम पाण्यानं आंघोळ केली, पर्वतीच्या पायऱ्या भरभर चढल्या, एप्रिलमध्ये दुपारी दोनला सिग्नलवर अडकलं की त्या डोळ्यापुढे पुन्हा धूसर होतं. विल्हेल्म उटहॉफनं १८९० मध्ये हे नोंदवलं. शरीराचं तापमान अर्ध्या-एक अंशानं वाढलं तरी मायलिन गेलेल्या भागात संदेश अडकू शकतो. थंडाव्यात बसलं की तासाभरात नजर पूर्ववत होते. नवी सूज आली असं समजून धावपळ करू नका, व्यायामही सोडू नका. सिंहगडावर जायचं तर पहाटे जा. दुपारी एक ते चार घरात बसण्याची पुणेकरांची सवय, ज्यावर सगळा महाराष्ट्र हसतो, ती या एका आजारात चक्क वैद्यकीय सल्ला म्हणून देता येते.

आता एमआरआयचं. अमेरिकेत १९८८ ते १९९१ दरम्यान या आजाराच्या ४५७ रुग्णांवर एक मोठी चाचणी सुरू झाली आणि त्या रुग्णांचा १५ वर्षं मागोवा ठेवला गेला. सुरुवातीला मेंदूच्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यांच्यापैकी १५ वर्षांत सुमारे २५ टक्क्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर पुन्हा पुन्हा उठणारा आजार, झाला. एक किंवा अधिक डाग होते त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के. तुमची बहीण पहिल्या गटात आहे. मात्र ते रुग्ण अमेरिकेतले होते, आणि ॲक्वापोरिन-४ व मॉग या दोन अँटिबॉडींच्या, म्हणजे शरीराच्याच दृष्टिनसेवर आणि मेंदूवर उलटणाऱ्या प्रथिनांच्या, तपासण्या तेव्हा अस्तित्वात नव्हत्या. आपल्याकडे या अँटिबॉडींमुळे होणाऱ्या दोन आजारांचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यांचा स्वभाव वेगळा, उपचार वेगळे, आणि ॲक्वापोरिनवाल्या आजारात एकेका झटक्यात कायमची नजर जाऊ शकते. दोन्ही रक्तातून तपासता येतात. बहिणीच्या या तपासण्या झाल्यात का ते फाइलमध्ये बघा, नसतील तर पुढच्या भेटीत विचारा.

त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट आपल्याकडे आजही विसरली जाते. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडनं नजर लवकर परतते, पण वर्षभरानंतरची नजर औषध न घेतलेल्यांइतकीच असते. आणि नुसत्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या नेहमीच्या डोसच्या गोळ्या घेतलेल्यांत सूज उलटण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणून पुन्हा डोळा दुखला तर मेडिकलच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून घेऊ नका. शिवाय आपल्या देशात स्टेरॉइडच्या आधी टीबी आणि साखर बघायलाच हवी. घरात कोणाला टीबीचं औषध चालू असेल तर हेही लक्षात ठेवा की इथॅम्ब्युटॉलनंही दृष्टिनसेला इजा होते. ती बहुधा दोन्ही डोळ्यांत, न दुखता आणि हळूहळू येते.

लगेच डॉक्टरांकडे जायला हवं अशा गोष्टी: दुसऱ्या डोळ्यालाही धूसर होणं, त्याच डोळ्यात नव्यानं दुखून अंधारी येणं आणि ती दिवसभरात न जाणं, स्टेरॉइड थांबवल्यावर थोड्याच दिवसांत नजर पुन्हा घसरणं, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी अडकणं, आणि कारण नसताना दिवसेंदिवस उचकी किंवा उलट्या. शेवटचं वाचून हसू येईल, पण ॲक्वापोरिनच्या आजारात मेंदूच्या बुंध्याशी सूज आली की तेच पहिलं लक्षण असू शकतं.

मायलिन पुन्हा चढवणारं औषध आहे का, असं प्रत्येक जण विचारतो. क्लेमास्टीन या ॲलर्जीच्या जुन्या गोळीवर २०१७ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. ५० रुग्णांत व्हीईपीचा उशीर सरासरी दोन मिलिसेकंदांहूनही कमी इतकाच घटला. दिशा आशादायक आहे, पण रुग्णाला जाणवेल असा तो फायदा नाही आणि त्या गोळीनं भरपूर झोप येते. मी ती लिहून देत नाही. बी-१२ कमी असेल तर भरून काढा, सिगारेट असेल तर थांबवा. डोळ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका.

पुढच्या भेटीत व्हीईपी, ओसीटी, पेली-रॉबसन आणि रंगांची तपासणी एकत्र करून घ्या. सहा महिन्यांनी आणि वर्षानं तीच पुन्हा केली की तुलना करता येते. एमआरआय पुन्हा कधी हे अँटिबॉडीच्या निकालावर ठरेल. लंबकाची तपासणी होईपर्यंत तिला दुचाकी चालवू देऊ नका, ऑफिसला कॅबनं जाऊ द्या. कर्वे रस्ता ओलांडायचा असेल तेव्हा सिग्नलवरूनच, आणि गाड्या थांबल्यावरच.